मनाचे दुखणे अंगावर काढू नका

बाजाराच्या दिवशी आपल्या भागातल्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसून पाहा. ताप, खोकला, जुलाब, गुडघेदुखी या नेहमीच्या तक्रारींच्या जोडीला अशा काही तक्रारी ऐकू येतील, की ज्यांना शरीरात नेमका पत्ता नसतो. "डोकं जड पडलंय." "हातापायाला मुंग्या यायल्यात." "छातीत धडधड व्हायलीय, जीव घाबरायलाय." "अंगात काही राहिलंच नाही बघा, एक बाटली लावा." बाटली म्हणजे सलाईन. ते पाणी शिरेतून गेले की माणसाला दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी धडधड पुन्हा सुरू होते. मग रक्त तपासा, लघवी तपासा, ईसीजी काढा, सोनोग्राफी करा. सगळे रिपोर्ट नॉर्मल! वास्तविक रिपोर्ट नॉर्मल आल्यावर पेशंटला आनंद व्हायला हवा. पण अशा पेशंटचा चेहरा उतरतो, कारण त्रास तर होतोच आहे आणि कागद म्हणतो काहीच नाही. सोबत आलेले पाहुणे मग निकाल देऊन टाकतात, "काही नाही हो डॉक्टरसाहेब, मनाचे खेळ आहेत."

'मनाचे खेळ' हा शब्द मला अजिबात आवडत नाही. मी मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतले पेशंट वर्षानुवर्षे तपासणारा साधा डॉक्टर आहे. पण एवढे मी खात्रीने सांगू शकतो, की ही माणसे ढोंग करत नसतात. भीती, काळजी, दुःख यांचा मारा सतत चालू राहिला की मेंदू शरीराला धोक्याचा इशारा देत राहतो. ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात उतरतात, हृदय जोरात चालते, श्वास उथळ आणि भरभर होतो. अशा श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती खरोखरच मुंग्या येतात. पोटातील आम्ल वाढते, मानेचे स्नायू ताठ राहून डोके जड होते. यात खेळ कुठे आला? मळ्यात साप दिसल्यावर जे होते तेच हे सारे. फरक इतकाच, की साप निघून जातो आणि सावकाराचा हप्ता किंवा लग्नाला आलेल्या मुलीची काळजी उशाशी बसून राहते.

आपल्या मराठीत एक फार नेमका शब्दप्रयोग आहे, दुखणे अंगावर काढणे. ताप अंगावर काढला, बाळंतीण असून थंडी अंगावर काढली, असे आपण म्हणतो. मनाच्या बाबतीत तर आपण सगळेच हे करतो. 'मला काय झालंय' म्हणून दिवस ढकलतो आणि मग ते मनाचे दुखणे अक्षरशः अंगावर येते, पाठीत, पोटात, छातीत. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. त्या घटनेत आरोग्याची जी व्याख्या आहे तीत शरीर, मन आणि समाजातले जगणे ही तिन्ही एकाच ओळीत घातलेली आहेत. आपल्या समर्थ रामदासांनी तर त्याच्या कितीतरी आधी खास मनालाच समोर बसवून २०५ श्लोक लिहिले. ते आपल्याला पाठ असतात. पण मन आजारी पडू शकते आणि त्याला औषध लागू शकते, हे काही आपल्या पचनी पडत नाही.

खरे तर या विषयात आपल्या भागाइतका अनुभव महाराष्ट्रात कुणाच्या गाठी नसेल. तो फार मोल देऊन मिळाला आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक रात्री उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवरची मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. हे आकडे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहेत.

आकड्यांत न आलेली गोष्ट मला दवाखान्यात दिसली. त्या पट्ट्यातून येणाऱ्या बायाबापड्यांच्या चिठ्ठीवर अशक्तपणा, भूक नाही, अंगदुखी, चक्कर असेच लिहिलेले असायचे. नीट बसवून, चहा पाजून विचारले की मग कळायचे, की बाई दोन वर्षे घरात झोपलेलीच नाही. घर पक्के आहे, पण ती अंगणात, पत्र्याखाली झोपते. पाऊस आला तरी दार उघडे ठेवते. रस्त्यावरून मालट्रक गेला आणि भांडी वाजली, की पदर खोचून बाहेर पळते. एक म्हातारे गृहस्थ तर दरवर्षी ठरल्यासारखे यायचे. गौरी-गणपती उरकले की त्यांना दम लागायचा. छाती स्वच्छ, ईसीजी स्वच्छ. त्यांनी ढिगाऱ्यातून कुणाकुणाला बाहेर काढले होते ते त्यांनी मला चौथ्या वर्षी सांगितले. आदल्या तीन वर्षी ते खोकल्याचे औषध घेऊन गेले होते. वर्षश्राद्धाच्या सुमारास शरीर असे जागे होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. कॅलेंडर न पाहताही अंगाला तिथी कळते.

मोठा आघात सोसलेल्या सगळ्याच माणसांना औषधोपचार लागतात असे मुळीच नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत, काही महिन्यांत सावरतात. त्यांना सावरायला लागते ते नेहमीचे काम, नेहमीची माणसे आणि पुन्हा पुन्हा तीच गोष्ट ऐकून घेणारा कुणीतरी. पण काही जणांच्या मेंदूत भीतीची ती घंटा वाजतच राहते. तीच दृश्ये, तीच स्वप्ने, दचकणे, झोप मोडणे, त्या जागेकडे न फिरकणे, आणि कशातच गोडी न वाटणे. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि तो हिंमत कमी असल्यामुळे होत नाही. ढिगाऱ्यात उतरलेल्या जवानांनाही तो होतो.

डॉ. मोहन आगाशे यांना आपण 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून ओळखतो, पण ते पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी त्यांनी या भूकंपाचे आरोग्यावर आणि विशेषतः मनावर झालेले परिणाम अभ्यासले. म्हणजे अभ्यासकांनी मनाची दखल घेतली होती. परंतु पुनर्वसन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती घरे, जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. घरे गरजेची होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण नव्या गावात रस्ते रुंद झाले, घरे लांब लांब गेली, जुन्या गल्लीतला शेजार मोडला, ओट्यावर बसून सांजच्याला होणारे बोलणे संपले. माणूस सावरतो तो या बोलण्यावर. गावाचा नकाशा आखताना इंजिनिअरच्या शेजारी मनाचा जाणकार बसवावा, असे मला आजही वाटते. आणि त्या अभ्यासातले ज्ञान प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रोजच्या ओपीडीत जितके उतरायला हवे होते तितके उतरले नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

भूकंप निदान डोळ्यांना दिसतो. मदत धावून येते, पुढारी येतात, वर्तमानपत्रे लिहितात. दुष्काळाचे तसे नसते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराने पाण्यासाठी काय सोसले ते आठवा. पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. सगळ्या देशाने तिचे फोटो पाहिले. पण रात्री दोन वाजता टँकर येणार म्हणून घागरी लावून जागणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार? महिना दोन महिने रोज चार तासही सलग झोप नाही, म्हणजे तिचे बीपी वाढणार, चिडचिड होणार, लेकरांवर हात उठणार आणि त्याबद्दल पुन्हा मनाला डाचणार. अशी बाई दवाखान्यात आली, की आपण तिला लोहाच्या गोळ्या आणि एक टॉनिक देतो. रक्त कमी असेल तर लोह द्यावेच. पण 'झोप किती लागते?' हा प्रश्न विचारायला एक पैसाही खर्च येत नाही.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर या पानांत पुष्कळ लिहून झाले आहे. कर्ज, भाव, नापिकी, पीकविमा या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरकडे नाहीत, आणि गोळी देऊन सोयाबीनचा भाव वाढत नाही. 'समुपदेशन करा म्हणजे झाले' असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. परंतु याच्या उलट बोलणाऱ्यांशीही नाही. एकच नापिकी, एकच बँक, एकाच शिवारातले दोन भाऊ. एक तरतो आणि दुसरा खचतो. आत्महत्येमागे एकच एक कारण कधीच नसते. खचणाऱ्याच्या अंगात बहुतेक वेळा नैराश्याचा आजार आधीपासून मुरत असतो, पुष्कळदा जोडीला दारू असते. नैराश्यात माणसाला सुटकेच्या वाटा दिसतच नाहीत. त्या वाटा असल्या तरी दिसत नाहीत, हेच तर त्या आजाराचे लक्षण. उपचार झाले की परिस्थिती तीच असूनही वाट दिसू लागते. म्हणून भाव आणि उपचार, दोन्ही मागितले पाहिजेत.

घरातल्या मंडळींनी काय पाहावे? बोलका माणूस अबोल झाला, पारावर जाणे सोडले, जनावरांकडे दुर्लक्ष होऊ लागले, जेवण कमी झाले, पहाटे तीनलाच जाग येते, 'माझ्यामागे पोरांचं बघा' अशी भाषा सुरू झाली, देणीघेणी, कागदपत्रे एकाएकी नीट लावू लागला. अशा वेळी सरळ विचारा, "तुमच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने उलट मन हलके होते. आलेच उत्तर 'हो', तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा. फवारणीची औषधे घरात, हाताशी ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. हा उपाय किरकोळ वाटेल, पण तो विचार अनेकदा घटका दोन घटकांचा असतो आणि तेवढा वेळ टळला तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. शेती काही बंद पडली नाही.

२०१५ च्या सुमारास आपल्या राज्याने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करायची, खचलेल्या माणसाला आरोग्य केंद्राकडे धाडायचे, अशी ती कल्पना. कल्पना अगदी योग्य. पण ज्या आशाताईंकडे लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग आणि दहा प्रकारची रजिस्टरे आहेत, तिने ही विचारपूस किती निवांतपणे करावी? सून घरात असताना सासऱ्याला, चार माणसांत बसलेल्या गड्याला मनातले विचारणे हे कौशल्याचे काम आहे. त्याचा मोबदला आणि त्यासाठी वेळ वेगळा दिला पाहिजे.

शेतावरून थोडे शहरात येऊ, कारण त्याच शेतकऱ्यांची मुले तिथे आहेत. लातूर पॅटर्नचे नाव नव्वदच्या दशकात महाराष्ट्रभर झाले. त्यातून किती गरिबाघरची मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली याचा मला अभिमानच आहे. माझ्याबरोबर काम करणारे काही डॉक्टर त्याच मुशीतले आहेत. आता नांदेडलाही शिकवण्यांचे मोठे पेव फुटले आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तीन मुले, मेसचा डबा, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर यादी. परीक्षेच्या मोसमात यांतली मुले माझ्याकडे येतात ती डोकेदुखी, जुलाब, केस गळणे आणि 'काहीच लक्षात राहत नाही' या तक्रारी घेऊन. टॉनिक मागतात, स्मरणशक्तीची गोळी मागतात. तशी गोळी नसते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत, आणि ही मुले तर झोपच कापून वाचत असतात. सात तास झोप ही चैन नाही, तो अभ्यासाचाच भाग आहे.

पालकांना विनंती, की फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा विचारू नका. शेत विकून फी भरली हे मुलाला ठाऊक असते. दर फोनला त्याची आठवण द्यायची गरज नसते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या मुलांकडे तर विशेष लक्ष हवे. मुलगा सणाला घरी यायचे टाळतो, मित्रांचे फोन घेत नाही, आंघोळ, कपडे यांतही ढिला पडतो, तेव्हा तो आळशी झाला असे समजू नका, त्याला भेटायला जा. शिकवणीवाल्यांनी जाहिरातीतल्या टॉपरच्या फोटोंवर जेवढा खर्च केला जातो त्याच्या विसाव्या हिश्शात एक समुपदेशक नेमला, तर फार बरे होईल.

आता माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट सांगतो, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मन बिघडले की बाकीच्या आजारांचे उपचारही फसतात. मधुमेही माणसांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट असते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पेशंटांत साधारण पाचांतील एकाला नैराश्य गाठते, आणि ज्यांना गाठते त्यांना पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. कारणे सरळ आहेत. खचलेला माणूस फिरायला जात नाही, पथ्य पाळत नाही, गोळी वेळेवर घेत नाही, तंबाखू-बिडी वाढवतो. शिवाय सततच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढून साखर आणि बीपी आपोआपच चढते. क्षयाचे औषध निदान सहा महिने घ्यावे लागते. ते मध्येच सोडणाऱ्यांना आपण बेफिकीर म्हणतो, पण त्यांतले कितीतरी जण आतून हरलेले असतात. 'शुगर कंट्रोलमध्ये येईना' म्हणून मी गोळ्या वाढवत जायच्या, आणि तरुण मुलगा गेल्यापासून त्या आईने स्वयंपाकघराकडे पाहिलेले नाही हे मला माहीतच नाही, तर तो कसला उपचार?

याची दुसरी बाजूही आहे. शरीराचे आजार मनाचे रूप घेऊन येतात. थायरॉइड मंदावले की माणूस उदास आणि सुस्त होतो. रक्त कमी असेल तर उत्साह राहत नाही. आपल्याकडच्या माळकरी, शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. त्यानेही मुंग्या येतात, विसरायला होते, मन खिन्न राहते. म्हणून उदास पेशंटला सरळ 'टेन्शन घेऊ नका' म्हणून वाटेला लावणाऱ्या डॉक्टरांवरही विसंबू नका. या साध्या रक्ततपासण्या व्हायलाच हव्यात.

औषधांविषयी लोकांत फार गैरसमज आहेत. नैराश्याच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. त्या लगेच लागू पडत नाहीत, दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात थोडी मळमळ, अस्वस्थता होऊ शकते, आणि नेमक्या याच टप्प्यावर लोक गोळ्या फेकून देतात. बरे वाटू लागल्यावरही त्या आणखी सहा ते नऊ महिने घ्यायच्या असतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. व्यसन लागते ते अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचे. त्या लगेच गुंगी आणतात म्हणून आवडतात, आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षे नेल्या जातात. २०१४ पासून अशा औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवण्याचा नियम आहे. मेडिकलवाल्या मित्रांनी तो कसोशीने पाळावा. सौम्य आजाराला तर कित्येकदा गोळीचीही गरज नसते. जाणकाराशी ठरावीक दिवशी केलेले बोलणे, रोजचा व्यायाम आणि वेळेवर झोप एवढ्यावर तो बरा होतो.

मग लोक येत का नाहीत? बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. (त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.) शंभरांमागे सुमारे दहा प्रौढांना मनाचा काही ना काही आजार असल्याचे दिसले, आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचाराविना होते. न येण्याचे मोठे कारण लाज. आपल्याकडे मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे होणे. राज्यातली जुनी मनोरुग्णालये चार, पुण्याचे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपण मनाचा उपचार पाहिला तो 'येरवड्याला धाडला' एवढ्याच रूपात. माणूस दूर गेला, कधी परत आला, कधी नाही. भीती बसली ती तिथून. वास्तविक तिथे ठेवावे लागतात असे पेशंट फार थोडे. बाकीच्यांचा उपचार बीपीच्या पेशंटसारखा घरी राहून, काम करत होतो.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्याच्या अनुभवावरून सुरू झाला. त्यातले मुख्य सूत्रच हे, की उपचार घराजवळ, साध्या दवाखान्यात मिळावा. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहेत. पण किनवटच्या किंवा निलंग्याच्या माणसाला एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने तिथवर यायचे आहे. माझे मागणे साधे आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी मनाची ओपीडी भरवा. तिच्या दारावर वेगळी पाटी लावू नका. ताप-खोकल्याच्या त्याच रांगेतून, त्याच चिठ्ठीवर पेशंट आत जाऊ द्या. दारावर पाटी असली, की गावातला माणूस पाहील म्हणून पेशंट तिकडे वळतच नाही. आणि आम्हा सामान्य डॉक्टरांनी प्रत्येक पेशंटला झोप आणि मनःस्थिती यांबद्दल दोन वाक्ये विचारायची सवय लावून घ्यावी.

देवाधर्माविषयी मी वाद घालत नाही. माहूरला जा, कंधारच्या दर्ग्यात जा, गुरुद्वाऱ्यात माथा टेका. त्याने धीर येतो आणि धीर हे मोठे औषध आहे. फक्त गोळी चालू ठेवून जा. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसवून 'दवा आणि दुआ' एकत्र देण्याचा प्रयोग २००८ पासून झाला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. मात्र साखळीने बांधणे, मारणे, धुरी देणे, उपाशी ठेवणे असले प्रकार करणारा कुणीही असो, त्याच्या दारातून पेशंटला उचलून आणा. महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक निकडीची गोष्ट. विष घेतलेल्या माणसाला घरचे लोक पोलीस केसच्या भीतीने उशिरा आणतात, किंवा 'चुकून फवारा नाकातोंडात गेला' असे सांगतात. त्यात मोलाचे तास जातात. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे धरले आहे, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली असतो आणि त्याला त्यासाठी शिक्षा करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर त्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने कलम ३०९ ठेवलेलेच नाही. दवाखान्यातून पोलिसांकडे नोंद जाईल, पण त्या धाकाने खरे लपवू नका. काय घेतले, किती वाजता घेतले ते सांगा आणि औषधाचा डबा सोबत आणा. याच २०१७ च्या कायद्याने मनाच्या आजाराला विमा कंपन्यांनी इतर आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, असेही बंधन घातले आहे.

ज्यांना दवाखान्याची पायरी चढणे आज अवघड वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येते. फोन करताना आजाराचे नाव सांगता आले पाहिजे असे काही नाही. 'झोप येईना, करमत नाही' एवढे म्हटले तरी पुरते.

आणि प्रत्यक्ष दवाखान्यात जाल तेव्हा जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन जा. घरातले एक माणूस बरोबर असू द्या, कारण पेशंट स्वतः निम्मे सांगत नाही. पण त्या माणसाने दहा मिनिटे बाहेरच्या बाकावर बसायची तयारी ठेवावी. सासू, नवरा किंवा बाप समोर असताना जे ओठांवर येत नाही, ते तेवढ्या दहा मिनिटांत बाहेर पडते.